बाईंनी कुणाला विचारायचं?

सातवीचा वर्ग. फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार. बाई सांगतात, "दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा." पोरं वहीत उतरवतात. तिसऱ्या बाकावरची मुलगी हात वर करते.

"बाई, पण उलटा का करायचा?"

"नियम आहे तसा. लिही."

या वर्गात तुम्ही बसलेले आहात, मीही बसलेलो आहे. त्या मुलीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. तिची चाचणी घेणारे आहेत, तिच्या निकालावर अहवाल लिहिणारे आहेत. आजचं सदर बाईंसाठी. बाई कामचुकार नाहीत. उलटा का करायचा, हे त्यांनाच आजवर कुणी सांगितलेलं नाही. आज घरी जाताना त्यांच्या डोक्यात तो प्रश्न घोळत राहिला, तर तो विचारायला त्यांच्याकडे माणूस नाही.

जरा मागे जाऊ. बाई स्वतः सातवीत होत्या तेव्हा त्यांनीही 'नियम आहे' एवढंच ऐकलं. दहावीला गणितात बरे गुण पडले. अकरावीला विज्ञान शाखा घेतली, पण जीवशास्त्राचा ग्रुप, म्हणजे गणिताशी संबंध तिथेच संपला. पुढे वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी., मग बी.एड., मग शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा दुसरा पेपर. आणि नेमणूक कशावर? सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान विषय शिक्षक. सोळाव्या वर्षी सुटलेलं गणित तिशीच्या आसपास पुन्हा हातात आलं, आणि तेही थेट शिकवायला.

यात कुणी नियम मोडलेला नाही. दुखणं नियमातच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी भाषेचा एक, सामाजिक शास्त्रांचा एक आणि विज्ञान व गणित मिळून एक शिक्षक मागतो. 'मिळून' हा शब्द दोनदा वाचा. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी समीकरणं शिकवायची आणि गणिताच्या सरांनी पेशीची रचना. टीईटीच्या १५० गुणांत गणित-विज्ञानाला ६०, त्यातले गणिताचे ३०. खुल्या गटाला उत्तीर्ण व्हायला एकूण ९० लागतात, पण गणितात किमान इतके हवेत अशी वेगळी अट नाही. बालमानसशास्त्र, दोन भाषा आणि विज्ञान यांनी हात दिला, की गणितात जेमतेम राहिलेला माणूसही गणिताचा शिक्षक होतो.

आणि बी.एड.ला काय होतं? सूक्ष्म अध्यापन होतं: सज्जता प्रवर्तन, प्रश्न कौशल्य, फलकलेखन, चेतक बदल. पाठाचं टाचण होतं: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, गृहपाठ. तक्ते होतात, रंगीत खडू होतात. मागच्या बाकावर मार्गदर्शक प्राध्यापक निरीक्षणाची वही घेऊन बसतात आणि शेरा देतात: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुबक, वेळेचं भान ठेवावं. हे सगळं शिकावंच लागतं, मी त्याला कमी लेखत नाही. २०१५ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, शाळेतली आंतरवासिता वाढली, तेही बरं झालं. पण अपूर्णांक उलटा का करायचा, हा प्रश्न या दोन वर्षांत कुठेच येत नाही. विषय पदवीला शिकून झालाय, असं बी.एड. धरून चालतं. अपूर्णांक शाळेत शिकून झालाय, असं पदवी धरून चालते. आणि शाळेत तर 'नियम आहे'. प्रत्येकाने खालच्या पायरीवर विश्वास टाकला आणि सगळ्यात खालची पायरीच नाही.

बरं, अध्यापक महाविद्यालयांची अवस्था काही लपलेली नाही. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ चा. त्याचाच आधार घेऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात छापलं गेलं, की देशातल्या १०,००० हून अधिक एकल अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने काही शिकवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. हे सरकारच्या स्वतःच्या धोरणातलं वाक्य आहे. त्या संस्थांमधून बाहेर पडलेले हजारो जण आज वर्गात उभे आहेत. त्यांनी फी भरली होती, हजेरी लावली होती, टाचणं लिहिली होती. फसवणूक त्यांची झाली, आणि शिक्षक नालायक अशी बोंब आपण त्यांच्याच नावाने मारतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. उत्तर अवघड नाही. ते मराठीच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं आहे.

पावणेदोन लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या. किती भरतील? भागाकार म्हणजे एवढंच: पावणेदोनात अर्धे किती बसतात. एका लिटरात अर्धे दोन बसतात, म्हणून पावणेदोनात पावणेदोनच्या दुप्पट. साडेतीन. जुन्या पाढ्यांच्या भाषेत औट. दोनने गुणलं ते याच कारणाने.

आता पिशवीऐवजी पाऊण लिटरची बाटली घ्या. पावणेदोन म्हणजे सात पाव. एका बाटलीत तीन पाव. दोन बाटल्या भरल्या, सहा पाव संपले, एक पाव उरला. म्हणजे चाराने गुणून पाव मोजले आणि तिनाने भागून बाटल्या मोजल्या. पाऊण म्हणजे तीन-चतुर्थांश, तो उलटून चार-तृतीयांश झाला, तो असा. पण खरी गंमत पुढे आहे. उत्तर किती, असं विचारलं की वर्गातली बरीच मुलं म्हणतात, सव्वादोन. दोन बाटल्या आणि वर पाव. नाही! उरलेला पाव लिटरचा आहे, बाटलीचा नाही. बाटली तीन पावांची, म्हणून उरलेला एक पाव म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा. उत्तर दोन पूर्णांक एक-तृतीयांश.

मुलं इथे घसरतात आणि घसरणारच, कारण मोजायचं एकक मध्येच लिटरवरून बाटलीवर जातं. हे घसरणं आधी ओळखून त्यासाठी बाटली आणि दूध वर्गात घेऊन जाणं, 'सव्वादोन' म्हणणाऱ्या मुलाला चूक न म्हणता 'पाव कशाचा?' एवढंच विचारणं, हे विषय शिक्षकाचं खास ज्ञान आहे. ते गणिताच्या एम.एस्सी.ला मिळत नाही आणि बालमानसशास्त्राच्या पेपरातही मिळत नाही. ते दोन्हींच्या मधल्या जागेत राहतं, आणि त्या जागेचा वाली कुणी नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये 'परख' हे राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात देशभरातल्या सहावीच्या मुलांपैकी अर्धा, पाव असे साधे अपूर्णांक मांडणं आणि त्यांची तुलना करणं जमलं ते २९ टक्क्यांना. दहातल्या सात मुलांना अर्धा आणि पाव नीट सापडत नाही. आणि आपण ते आकडे घेऊन मुलांसाठी आणखी एक चाचणी काढतो.

पावणेदोन भागिले अर्धा हे गणित मी उगाच निवडलं नाही. लिपिंग मा यांनी ते प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवलं होतं. मा मूळच्या शांघायच्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शाळकरी वयात खेड्यात पाठवल्या गेल्या, आणि गावच्या प्रमुखाने सांगितलं म्हणून पोरांना शिकवायला लागल्या. पुढे अमेरिकेत जाऊन संशोधक झाल्या. १९९९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांच्या मुलाखती आहेत. हे गणित अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्यांनाही पुरतं सुटलं नाही, आणि त्यावर एखादं व्यवहारातलं बरोबर उदाहरण रचणं जेमतेम एकाला जमलं. चीनमधल्या सगळ्या ७२ जणांना उत्तर आलं, आणि दहातल्या नऊ जणांनी उदाहरणही रचलं.

यात चिनी शिक्षकांची हुशारी शोधू नका. ते शिक्षणाने अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमीच होते: नववीपर्यंत शाळा, वर दोन-तीन वर्षं अध्यापक विद्यालय. अमेरिकन सगळे पदवीधर. फरक पडला तो नोकरी लागल्यानंतर. चिनी शाळेत एका विषयाचे शिक्षक नेमाने एकत्र बसतात, पुढच्या आठवड्याचा पाठ समोर ठेवतात, मुलं कुठे अडतात त्यावर बोलतात, एकमेकांच्या तासाला जाऊन बसतात. विषयाची खोल समज त्यांना शिकवता शिकवता आली, आणि ती एकट्याने आलेली नाही.

आपल्या बाई एकट्या आहेत. अगदी शब्दशः. त्यांच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाच्या त्या एकच. शेजारच्या गावातही एकच, असल्याच तर. लहान हायस्कुलांत याहून बिकट: गणिताचे सर निवृत्त झाले, भरती नाही, म्हणून भूगोलाच्या सरांच्या वेळापत्रकात बीजगणिताचे तास लिहिले जातात. महाराष्ट्रात २०१२ पासून शिक्षक भरती कित्येक वर्षं अडली. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने पुन्हा बदलले, आणि कमी पटाच्या शाळांत आपलं पद राहील की जाईल या धास्तीत माणसं शिकवताहेत. पद टिकवण्यासाठी दारोदार पोरं गोळा करणाऱ्या माणसाला अपूर्णांकाचं का सुचत नाही, असं विचारायची माझी हिंमत नाही.

नव्याने लागलेल्यांची गोष्ट तर सांगवत नाही. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ मध्ये मानधन वाढलं, ते प्राथमिकला महिना १६,००० रुपये झालं. त्याआधी ६,००० होतं. ही तीन वर्षं म्हणजे माणूस जिथे सगळ्यात जास्त चुकतो आणि सगळ्यात जास्त शिकतो ती. या काळात बहुतेक शाळांत त्याच्या वर्गात मागे बसून, तास संपल्यावर चहा घेत 'तू इथे घाई केलीस' असं सांगणारा जाणता शिक्षक नेमलेला नसतो. शिक्षणसेवकाच्या हाती येतात ते पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती, कारण त्याला मोबाइल चांगला जमतो!

भाषेच्या शिक्षकाचं दुःख वेगळं. मेळघाटात कोरकू बोलणारी मुलं पहिल्यांदा शाळेत येतात. कोरकू मराठीच्या कुळातली भाषा नव्हे, ती मुंडा कुळातली. तिथे नामं सजीव आणि निर्जीव अशी विभागली जातात. मराठीत मात्र तो फळा, ती खुर्ची, ते पुस्तक. का? या 'का'ला उत्तर नाही, पण हे मुलाला अवघड जाणार हे शिक्षकाला ठाऊक असायला हवं. त्याला शिकवलेली अध्यापन पद्धती मराठी ही मुलाची मातृभाषा धरून बेतलेली. भामरागडला माडिया मुलांसमोर, धडगावला पावरी मुलांसमोर हेच. मराठी परभाषा म्हणून कशी शिकवायची, हे त्या सरांना कोण सांगणार? ते बिचारे स्वतःच शब्दांच्या जोड्या लावून वही तयार करतात, बदली होते, वही त्यांच्याबरोबर जाते आणि पुढचे सर पहिल्या पानापासून सुरू करतात.

प्रशिक्षणं होत नाहीत का? खूप होतात. २०२० च्या धोरणात वर्षाला ५० तासांची अपेक्षा लिहिलेली आहे. 'निष्ठा' झालं, 'दीक्षा'वर अभ्यासक्रम झाले, वरिष्ठ श्रेणीसाठी झालं, निवड श्रेणीसाठी झालं. व्हिडिओ लावायचा, खाली आलेले प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही. समोरासमोरच्या वर्गात दोनशे जण सभागृहात, त्यात पहिलीच्या बाई आणि आठवीचे सर शेजारी-शेजारी, आणि पुढे वरून खाली झिरपत आलेलं कुणाचं तरी सादरीकरण. १९७४ मध्ये सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईच्या मानखुर्दला आहे. मुलं विज्ञान-गणितात कुठे अडतात याचा अभ्यास तिथे होतो. तो अभ्यास आपल्या बाईंच्या टेबलापर्यंत पोहोचायला कुणी रस्ताच बांधलेला नाही.

आणि वेळ? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणासाठीच्या सर्वेक्षणात शिक्षक घरोघरी फिरले. मतदार यादीचं काम तर वर्षभर चालूच.

मग आली परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हायला हवं. वीस वर्षं शिकवलेली माणसं आता रात्री गाइडं घेऊन बसताहेत. शिक्षकाची पारख व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२१ च्या शेवटी टीईटीचा घोटाळा उघड झाला आणि पैसे देऊन उत्तीर्ण झालेले हजारो जण सापडले, तेव्हा संताप आला तो परीक्षा हवी असं वाटतं म्हणूनच. पण टीईटीतला अपूर्णांकाचा प्रश्न चार पर्यायांचा असतो. उलटा केला, गुणलं, गोल काळा केला, गुण मिळाला. बाई उत्तीर्ण होतील. आणि सातवीच्या वर्गात परत येऊन पुन्हा म्हणतील, नियम आहे.

शिक्षकाला विचारायला जागा देण्याचं काम आपल्या शेजारी झालेलं आहे, म्हणून जास्त राग येतो. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसूलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी सरकारी १६ शाळांत, सहावी ते आठवीला, प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं, पुढे 'एकलव्य' संस्थेने सांभाळलं. शिक्षकांची उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांची शिबिरं व्हायची, तीही लागोपाठ तीन उन्हाळे. मुलांनी करायचे ते प्रयोग शिक्षक आधी स्वतः करायचे, चुकायचे, वाद घालायचे. विद्यापीठांतले शास्त्रज्ञ त्यांच्या शेजारी जमिनीवर बसायचे. आणि शिबिर संपलं की सोडून दिलं नाही: दर महिन्याला संगम केंद्रावर आसपासच्या शाळांचे विज्ञान शिक्षक जमायचे, गेल्या महिन्यात काय फसलं ते सांगायचे. मुलांसाठी 'सवालीराम' नावाचं एक पात्र होतं. त्याला पोस्टकार्डं जायची आणि प्रत्येकाला उत्तर यायचं. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम एका आदेशाने थांबलं. शिक्षकाला विचारायला जागा हवी हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं आता कुणी म्हणू नये.

आठवीत मी आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारलं होतं, बर्फ पाण्यावर तरंगतो कसा, गोठलेली वस्तू तर जड व्हायला हवी. सर थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "मला नीट सांगता येणार नाही. सोमवारी सांगतो." शनिवारी शाळा सुटल्यावर ते सायकलवरून तालुक्याच्या कॉलेजात गेले, तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्यांच्या ओळखीचे होते. सोमवारी सरांनी आम्हा दहा-बारा पोरांना उभं केलं. आधी दाटीवाटीने, मग हात लांब करून एकमेकांची मनगटं धरून. तीच पोरं, पण जागा जास्त. "गोठताना पाण्याचे कण असे हात लांब करून बसतात," सर म्हणाले. ते सर थोर होते, हे खरं. पण त्यांना जायला एक दार होतं, हेही तितकंच खरं. ओळखीने मिळालेलं ते दार प्रत्येक शिक्षकाला हक्काने का मिळू नये?

मागणी छोटी आहे. केंद्रपातळीवरची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची मासिक शिक्षण परिषद आजही कागदावर आहे. तिच्यात सगळ्या इयत्तांच्या, सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकत्र कोंबणं थांबवा. जवळच्या चार-पाच केंद्रांतले गणित-विज्ञानाचे शिक्षक वेगळे बसवा, भाषेचे वेगळे, सामाजिक शास्त्रांचे वेगळे. पंधरा-वीस माणसं, तीन तास, समोर पुढच्या महिन्याचे पाठ. जवळच्या कॉलेजातला एक प्राध्यापक आणि एक निवृत्त, जाणता शिक्षक कायम तिथे. या कामासाठी येणं-जाणं शासनाच्या खर्चाने. फोटो काढून कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत, लिंक भरायची नाही, अहवाल मागायचा नाही. 'मला हे येत नाही' असं म्हणणाऱ्या शिक्षकाचं वाक्य त्या खोलीच्या बाहेर जाता कामा नये, आणि त्याच्या गोपनीय अहवालात तर मुळीच नाही. रिकामी केंद्रप्रमुख पदं भरा. एकेका माणसावर दोन-तीन केंद्रं लादून हे होणार नाही.

सभागृह लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. पहिल्या बैठकीला पावणेदोन लिटर पाणी आणि पाऊण लिटरची एक बाटली घेऊन या. दोन बाटल्या भरल्यावर जे उरेल, त्यावर बोलायला सुरुवात करू.